आधी 'शो', मग 'कॉन्फ टी'

चि. सोनूस,


तुझी नोटपॅडची फाइल मिळाली. सोमवारी पतसंस्थेच्या नव्या शाखेत राउटर लावायला तू एकटीच जाणार, म्हणून आज्ञा आधीच लिहून ठेवल्यास हे छान केलंस. फाइल नीट वाचली. चुका फारशा नाहीत. पण एवढ्या मोठ्या फाइलीत 'शो'ने सुरू होणारी एकही ओळ नाही. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तू राउटरला नुसती सांगत सुटली आहेस, विचारत काहीच नाहीस. राउटरशी बोलायला बसल्यावर निम्म्याहून जास्त वेळ विचारण्यात आणि आलेलं उत्तर वाचण्यात गेला पाहिजे. शिकवणीच्या व्हिडिओत हे दाखवत नाहीत, कारण पडद्याकडे बघत गप्प बसलेला माणूस बघायला कोणाला आवडतो?

सिस्कोच्या आयओएसमध्ये हे जास्तच लागतं, कारण तिथे एंटर दाबलं की ओळ त्याच क्षणी लागू होते. जुनिपरमध्ये 'कमिट' म्हणेपर्यंत काहीही बदलत नाही, आणि 'कमिट कन्फर्म्ड' दिलंस तर तू पुन्हा दुजोरा दिला नाहीस की दहा मिनिटांनी तो आपोआप जुन्या स्थितीत जातो. गावोगावच्या केबल-ब्रॉडबँडवाल्यांकडे मायक्रोटिक दिसतो, त्यात कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड घेता येतो. सेशन तुटलं तर मधले बदल पुसले जातात. आयओएसमध्येही परतीची सोय आहे, पण त्यासाठी आधी आर्काइव्ह लावून ठेवावं लागतं आणि शाखेतल्या राउटरवर ते लावलेलं मी तरी क्वचितच पाहिलं आहे. म्हणजे चुकीची ओळ गेली की गेली.

(आज्ञा मी आपण फोनवर बोलतो तशा लिहितो आहे. पत्ते मात्र नीट बघून टाइप कर, २०३.०.११३ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, ते खरे समजून टाकू नकोस.)

आधी पिशवी भर. निळी कन्सोल केबल आणि यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घे. कन्व्हर्टरचा ड्रायव्हर घरीच टाकून बघ. शाखेत इंटरनेट नसणार, ते सुरू करायलाच तर तू चालली आहेस. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघून ठेव. पुटीमध्ये वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल 'नन'. पडदा काळाच राहिला तर घाबरू नकोस, एंटर दाब. वेडीवाकडी चिन्हं आली तर वेग जुळत नाही असं समज. आणखी एक फसवी गोष्ट. तुला दिलेल्या ४३२१वर यूएसबीचाही कन्सोल पोर्ट आहे. कोणी तिथेही केबल लावून ठेवली असेल तर निळ्या केबलवरून टाइप केलेलं राउटर ऐकतच नाही. अक्षरं दिसतात, पण दाबलेल्या बटणांचा परिणाम शून्य. अशा वेळी लोक कन्व्हर्टर बदलत बसतात.

पॉवर देण्याआधी शाखेच्या इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घे आणि प्लग यूपीएसच्याच सॉकेटमध्ये आहे ना ते डोळ्यांनी बघ. पावसाळ्यात जळून आलेले पोर्ट बघितलेत म्हणून सांगतो.

सुरू झाल्यावर त्याने इनिशिअल कॉन्फिगरेशन डायलॉग हवा का असं विचारलं तर 'नो'. मग 'एनेबल', आणि लगेच पहिलं काम 'शो व्हर्जन'. तुझा हा डबा स्टोअरमधून आलेला, म्हणजे आधी कुठेतरी राबलेला आहे. त्या उत्तरात आवृत्ती आणि सीरियल नंबर मिळतोच, पण शेवटची ओळ चुकवू नकोस. कॉन्फिगरेशन रजिस्टर झिरो एक्स २१०२ असायला हवं. २१४२ दिसलं तर कोणीतरी पासवर्ड रिकव्हरी केली आणि रजिस्टर परत जागेवर आणलं नाही. असा राउटर दिवसभर गुणी बाळासारखा चालतो. वीज जाऊन आली की सेव्ह केलेलं काही न वाचता कोरा उठतो. तू 'राइट' केलेलं असतं, ते एनव्हीरॅममध्ये जागेवरही असतं, पण तो तिकडे ढुंकून बघत नाही. मग शाखेतून फोन येतो की मॅडमनी काही सेव्हच केलं नव्हतं. त्याच रजिस्टरमुळे हेही लक्षात ठेव की कन्सोलपर्यंत ज्याचा हात पोचतो त्याला पासवर्ड माहीत असायची गरज नाही. रॅकला कुलूप लावून किल्ली मॅनेजरसाहेबांकडे दे, पाण्याच्या जारशेजारच्या खिळ्यावर नको.

मग 'शो रन'. जुन्या गिऱ्हाइकाचं काही निघालं तर आधी ऑफिसला विचार, हवं आहे का. नको असेल तरच 'राइट इरेज' आणि 'रीलोड'. जाताना सेव्ह करू का विचारेल, तिथे 'नो'. 'येस' म्हटलंस तर पुसलेलं सगळं पुन्हा जिवंत होईल.

आता 'कॉन्फ टी' करून टाइप करायला हरकत नाही, पण प्रत्येक ओळीआधी प्रॉम्प्ट वाच. नुसता > असेल तर तू पाहुणी. # आला तर अधिकार मिळाला. कंसात 'कॉन्फिग' आलं की हात जपून. 'कॉन्फिग-इफ' आलं तर तू कुठल्या तरी एका इंटरफेसच्या आत आहेस, आणि कुठल्या ते प्रॉम्प्ट सांगत नाही. ते तुलाच ध्यानात ठेवावं लागतं. शंका आली तर पुन्हा 'इंटरफेस' लिहून आत जा, त्यात काही बिघडत नाही. 'शटडाउन' ही ओळ तर इंटरफेसचं नाव नुकतंच टाइप केलेलं असल्याशिवाय कधीच लिहायची नाही.

'नो आयपी डोमेन लुकअप' आधी टाक. नाहीतर 'शो'चं 'शूो' झालं की तो शब्द कुठल्या तरी मशीनचं नाव आहे असं समजून राउटर डीएनएसमध्ये शोधत बसतो आणि प्रॉम्प्ट अडकतो. अडकलाच तर कंट्रोल-शिफ्ट-६. कन्सोल लाइनवर 'लॉगिंग सिंक्रोनस'ही दे, म्हणजे अर्ध्या ओळीत लॉगचा मजकूर घुसून तुझं टायपिंग फुटणार नाही.

पासवर्डच्या बाबतीत तुझ्या फाइलीत 'एनेबल पासवर्ड' आहे, ते काढ. 'एनेबल सीक्रेट' हवं. 'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' केलं की झालं असं तुला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. त्याने होतो तो टाइप ७. तो मागून उभ्या माणसाला वाचता येऊ नये एवढ्याच कामाचा. त्याचा मूळ पासवर्ड काढून देणारी पानं कोणीही उघडू शकतो. यूजरलाही 'सीक्रेट'च दे. शाखेचं नाव आणि पुढे १२३ असलं काही ठेवू नकोस. टेलनेट नको. त्यात पासवर्ड तारेतून जसाच्या तसा जातो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तातू यूलोनेनने १९९५मध्ये एसएसएच लिहिलं. इतकी वर्षं उलटल्यावर आपण टेलनेट चालू ठेवायला काही कारण उरत नाही. एसएसएचसाठी आधी होस्टनेम आणि डोमेननेम, मग २०४८ची आरएसए की, 'आयपी एसएसएच व्हर्जन २', आणि व्हीटीवाय लाइनवर 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' आणि 'लॉगिन लोकल'. क्रम महत्त्वाचा: 'लॉगिन लोकल' देण्याआधी यूजर तयार असला पाहिजे, नाहीतर घराला कुलूप आतून आणि तू बाहेर.

ब्राउझरमधून राउटर चालवायची सोय मात्र बंद कर: 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर' आणि 'नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर', दोन्ही. ऑक्टोबर २०२३मध्ये आयओएस एक्सईच्या याच वेब पानात मोठं भगदाड सापडलं. पासवर्ड न देता बाहेरचा माणूस सर्वाधिकार असलेला यूजर तयार करू शकत होता, आणि जगभरातले हजारो राउटर तसे फोडले गेले. ज्यांनी ते पान बंद ठेवलं होतं त्यांना काही झालं नाही. तुला कमांड लाइन येते ना, मग ते पान हवंच कशाला?

आता पत्ते. पुरवठादाराने लीज्ड लाइनसाठी तुला /३० दिला आहे, म्हणजे चार पत्ते, त्यातले वापरता येणारे दोन. समज २०३.०.११३.४ हे नेटवर्क आणि .७ हे ब्रॉडकास्ट; .५ त्यांच्याकडे, .६ तुझ्याकडे. मास्क २५५.२५५.२५५.२५२. बाहेरची लाइन गिगाबिट ०/०/० मध्ये, शाखेचा स्विच ०/०/१ मध्ये. शेजारीच नुसतं 'गिगाबिट ०' लिहिलेला पोर्ट आहे, त्यात काही खुपसू नकोस. तो मॅनेजमेंटचा आहे, त्याचं राउटिंग वेगळं. तिथे दिवा छान लागतो पण ट्रॅफिक पलीकडे जात नाही. दोन्ही इंटरफेसला 'डिस्क्रिप्शन' दे आणि त्यात पुरवठादाराचा सर्किट नंबर लिही. रात्री लाइन पडली की त्यांच्या कॉल सेंटरला पहिला प्रश्न तोच असतो. मग 'नो शट'. राउटरचे इंटरफेस जन्मतः बंद असतात.

आणि इथे थांब. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ'. एवढा एक तक्ता वाचता आला तर अर्धी नोकरी जमली. शेवटचे दोन रकाने बघ. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' म्हणजे बंद आपणच ठेवलं आहे, केबलला दोष देऊ नकोस. डाउन-डाउन म्हणजे समोरून सिग्नलच नाही: केबल, पोर्ट किंवा पलीकडचा मोडेम. अप-अप म्हणजे तार ठीक, पण पत्ता बरोबर आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मधला 'मेथड'चा रकाना कोणी वाचत नाही. 'मॅन्युअल' म्हणजे राउटर सुरू झाल्यानंतर हाताने टाकलेलं. 'एनव्हीरॅम' म्हणजे सुरू होताना सेव्ह केलेल्या प्रतीतून आलेलं. तू गेल्यानंतर तिथे कोणी हात घातला का, हे नंतर कधी बघायचं असेल तर हाच रकाना पहिला चुगली करतो.

अप-अप असूनही लाइन रडत असेल तर 'शो इंटरफेस'मध्ये जाऊन डुप्लेक्स आणि सीआरसीचे आकडे बघ. पुरवठादाराच्या माणसाने त्याच्या बाजूला १०० आणि फुल डुप्लेक्स ठोकून ठेवलेलं असतं, आपल्या बाजूला ऑटो. समोरचा वाटाघाट करत नाही म्हटल्यावर ऑटोवाला हाफ डुप्लेक्सवर उतरतो. पिंग चालतो, मेल जातो, आणि मोठी फाइल पाठवली की सगळं गोगलगाय. आपल्या बाजूला 'लेट कोलिजन' वाढताना दिसलं की समजायचं. दोन्हीकडे ऑटो किंवा दोन्हीकडे ठोकलेलं, अर्धं-अर्धं नाही. त्या माणसाशी भांडू नकोस. आकडे वाचून दाखव, तो गुपचूप बदलतो.

डिफॉल्ट राउटच्या ओळीत तू पलीकडचा पत्ता न देता नुसतं इंटरफेसचं नाव दिलं आहेस. इथरनेटवर तसं करू नये. राउटर मग जगातल्या प्रत्येक पत्त्यासाठी 'हा कोणाकडे आहे' असं एआरपीने ओरडत बसतो, आणि पुरवठादाराच्या डब्याने त्याच्या वतीने उत्तर द्यायचं बंद केलं की शाखा बंद. 'आयपी राउट', शून्य, शून्य, आणि २०३.०.११३.५. नॅटमध्ये तुझ्या हातून इनसाइड आणि आउटसाइडची अदलाबदल झाली आहे. आत म्हणजे ०/०/१. ॲक्सेस-लिस्टमध्ये मास्क उलटा लागतो, ०.०.०.२५५, ते तू बरोबर लिहिलं आहेस. ओळीच्या शेवटी 'ओव्हरलोड' लिहायचं राहून गेलं तर नेट एकाच कॉम्प्युटरला मिळेल आणि बाकीचे कॅशिअर तुझ्याकडे बघत बसतील. डीएचसीपीमध्ये 'एक्सक्लूडेड-ॲड्रेस' पूलच्या आधी टाक. पासबुक प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांचे पत्ते हाताने दिलेले असणार, ते राउटरने दुसऱ्या कोणाला वाटले तर ती भानगड उलगडायला दिवस जातो.

पुन्हा विचार. पलीकडच्या .५ला पिंग कर. पाच पॅकेट जातात. पहिलं टिंब आणि मग चार उद्गारचिन्हं आली तर तो दोष नाही, एआरपी होईपर्यंत पहिलं पॅकेट हरवतं. सक्सेस रेट ८० टक्के बघून नवी मुलं लाइनची तक्रार नोंदवायला धावतात. पुन्हा पिंग कर, शंभर येईल. मग ८.८.८.८. तेही आलं म्हणून खूश होऊ नकोस, कारण हा पिंग राउटरने स्वतःच्या बाहेरच्या पत्त्यावरून केला. त्यात तुझ्या नॅटची परीक्षा झालीच नाही. 'पिंग ८.८.८.८ सोर्स गिगाबिट ०/०/१' असं विचार आणि लगोलग 'शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स' बघ. तिथे आतला पत्ता आणि बाहेरचा पत्ता शेजारी-शेजारी दिसले की मग खुर्चीवर टेक.

घड्याळाकडे दुर्लक्ष होतं. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' आणि एनटीपी सर्व्हर टाक. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. राउटरच्या मेमरीतला लॉग रीबूट झाला की जातो, म्हणून 'लॉगिंग होस्ट' देऊन मुख्य कार्यालयाच्या सिसलॉगकडे वळव. नंतर 'शो लॉग' बघ. वेळेच्या आधी तारा दिसत असेल तर घड्याळावर राउटरचाच विश्वास नाही.

आता 'राइट'. तोवर जे चालू होतं ते फक्त रॅममध्ये होतं. सेव्ह केल्यावर मॅनेजरसाहेबांची परवानगी घेऊन एकदा खरोखर 'रीलोड' कर आणि सगळं जसंच्या तसं उठतं का ते बघ. ते 'झालं का, झालं का' म्हणून मागे उभे असतील. 'चहा होईपर्यंत होईल' म्हण, पण रीलोड न करता निघू नकोस.

पुढे कधी ऑफिसमधून याच राउटरवर एसएसएचने काम करशील. ज्या इंटरफेसवरून आत आलीस त्याचाच पत्ता, राउट किंवा ॲक्सेस-लिस्ट बदलायची असेल तर आधीचं चांगलं काम सेव्ह करून घे आणि मग 'रीलोड इन १०' दे. बाहेर फेकली गेलीस तरी दहा मिनिटांनी राउटर सेव्ह केलेल्या प्रतीवर परत येतो. बदल नीट झाला, नव्याने लॉगिन होता आलं, की 'रीलोड कॅन्सल', आणि त्यानंतरच 'राइट'. जुनं सेशन मिटवू नकोस. दुसरी खिडकी उघडून लॉगिन करून बघ. ॲक्सेस-लिस्टच्या शेवटी न दिसणारं 'सगळ्यांना मनाई' असतं, तेव्हा पहिल्या ओळीत स्वतःच्या ऑफिसचे पत्ते. हे फक्त लहानांचे घोळ नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास बंद पडले, ते देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे. लाइनची क्षमता मोजायचा हेतू होता, झालं असं की त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं. अशी आज्ञा अडवण्यासाठी बसवलेल्या तपासणी-साधनातही दोष निघाला, आणि दुरून आत जायचे मार्ग त्याच जाळ्यावर असल्यामुळे माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. आपल्याकडे त्याचं रूप एवढंच, की रात्रीची एसटी पकडून तालुक्याला जावं लागतं.

निघण्याआधी 'शो रन'ची प्रत लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या सर्व्हरवर ठेव, फाइलच्या नावात तारीख घाल. मला दाखवायची असेल तर सीक्रेटच्या ओळी, एसएनएमपीच्या कम्युनिटी आणि बाहेरचे पत्ते काढून मेलने पाठव. तुमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस, तिथून ती कुठे जाईल याचा नेम नाही. 'शो टेक-सपोर्ट' पासवर्डच्या जागी 'रिमूव्ह्ड' छापतं. 'शो रन' ते करत नाही, तिथे कात्री तुलाच चालवावी लागेल.

मामीने डब्याचं विचारलं आहे, शाखेच्या आसपास जेवायची सोय आहे की नाही ते कळव.

तुझा,
मामा